दोरा ओला करून बघा

मी एक जुनी नळी आहे. नळी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पाण्याचीच नळी येणार, हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते की मी तसली नाही. पितळेची, तुमच्या करंगळीहून बारीक आणि जेमतेम तेवढीच लांब अशी मी आहे. मला खाली तारेचे दोन लवचीक पाय आहेत आणि त्या पायांच्या चिमटीत दोऱ्याचे रीळ बसते. रिळाचा दोरा माझ्या पोटातून वर चढतो आणि तोंडातून बाहेर येतो. माझ्या मालकांच्या बायकोने मला आयुष्यभर 'पिपाणी' म्हटले. मी आजवर एकदाही वाजलेली नाही, पण घरात माझे ऐकतो कोण?

माझे काम माश्या बांधायचे. घोंघावणाऱ्या खऱ्या माश्या नव्हेत, खोट्या. काही माणसे गांडूळ न लावता अशा खोट्या माशीने मासे पकडतात. छोटासा गळ चिमट्यात घट्ट बसवायचा, त्याच्यावर पिसे आणि केस धरायचे, आणि मला हातात घेऊन गरगर फिरवत दोऱ्याचे वेढे द्यायचे. मग त्या लोखंडी काट्याला पंख फुटतात, अंग येते, आणि नदीतला मासा त्याला खरी माशी समजून फसतो.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? दोरा काय, कुठलाही चालतो. मित्रांनो, हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की माझे कान किटले आहेत. कान मला नाहीत, हे मान्य. पण असते तर किटले असते. या एका वाक्यापायी एका भल्या माणसाचे काय झाले, आणि काय होता होता राहिले, ते मला आज सांगायचे आहे. माझा स्वर जरा चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे पितळेच्या बारीक नळ्या कापत, तारा वाकवत आणि शेवटी प्रत्येक नळी एका कारागीर बाईपुढे ठेवत. ती बाई नळीतून रेशमाचा धागा ओढून बघत असे. धाग्याचा एक जरी तंतू तोंडाशी अडकला, तरी नळी भंगारात जाई. माझ्यातून धागा सुळकन गेला. तिने मला उजेडात धरले, मान डोलावली आणि खोक्यात टाकले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे अशा शाबासक्या फार मिळाल्या नाहीत, म्हणून ती अजून लक्षात आहे.

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्यांनी. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. दुकान अरुंद होते. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर आरसा, आणि काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेताने, माश्या बांधायचा चिमटा. गिऱ्हाईक नसले की चष्मेवाले मला हातात घेत. त्यांची बोटे लांब आणि शांत होती. त्या हातात असताना मला कधी घाई वाटली नाही.

दोरा कसा निवडावा, हे मी त्यांच्याकडून शिकले. बारीक माशीला बारीकच दोरा लागतो. जाड घेतला की माशीचे डोके फुगते, गळाचे भोक बुजते आणि ते ध्यान पाण्यात बुडून बसते. केसांची जाडजूड माशी असली की दोरा जाड आणि चपटा हवा, कारण तिथे बारीक दोऱ्यावर ताण दिला तर तो मऊ केसच कापून काढतो. "ताकद दोऱ्यात नसते, वेढ्यांत असते," असे चष्मेवाले म्हणत. लोकांना ते पटत नसे. लोकांना वाटे, सगळ्यात मजबूत तोच सगळ्यात चांगला.

पण त्यांचा खरा हट्ट होता रंगाचा. माशी बांधून झाली की ते ती थेट पाण्याच्या ग्लासात बुडवत. माशीच्या अंगावर केसांचा पातळ थर असतो ना, तो भिजला की आरपार दिसू लागतो, आणि आतला दोरा बाहेर डोकावतो. दोराही भिजून गडद झालेला असतो. म्हणजे टेबलावर जी माशी सोन्यासारखी दिसते, तीच पाण्यात चिखलासारखी दिसू शकते.

"कोरडा दोरा खोटं बोलतो," ते गिऱ्हाइकांना सांगत. "माशी आपण कुणासाठी बांधतो? माशासाठी. मग मासा काय टेबलाशी येऊन बघतो का?"

एकदा चष्मा काढून ठेवलेल्या एका गिऱ्हाइकाने काउंटरवरचा तो ग्लास उचलून तोंडाला लावला. चष्मेवाले असे ओरडले की त्या माणसाला वाटले, आपला डोळाच गेला. त्या दिवसापासून ग्लासावर लाल रंगाची रेघ आली.

दुकान असे चालले होते. मासे पकडणारी मंडळी लांबून येत, चष्म्याची काडी सैल झाल्याचे निमित्त काढत आणि जाताना माशा-माश्यांच्या गप्पा मारून जात. सगळ्यांना हवी असे त्यांची फिकट पिवळी. गल्लीच्या मागून नदी वाहते. वर्षातून एकदाच, काही आठवडे, त्या नदीच्या पाण्यातून नाजूक पिवळ्या माश्या वर येतात आणि तेवढे दिवस मासे दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. तेव्हा चष्मेवाल्यांची फिकट पिवळी पाण्यावर पडली, की मासा आलाच म्हणून समजा. ते दिवस आले की ते दुकानाला लवकर कुलूप लावत आणि लेकीला बरोबर घेऊन नदीवर जात. लेक तेव्हा एवढीशी होती. मीही त्यांच्या खिशात असे. माझे ते सुखाचे दिवस होते.

पुढे वय झाले, दुकान बंद झाले आणि आमचा मुक्काम घराच्या पुढच्या खोलीत हलला. खिडकीशी आमचे टेबल आणि समोरच्या भिंतीला मालकीणबाईंचे शिवणयंत्र. बाई लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, बाहेर सोडून बेतशीर करून देत. त्यांच्या इस्त्रीपाशी पाण्याचा एक वाडगा कायम भरलेला असे. त्यातले पाणी शिंपडून त्या कपड्याची सुरकुती मोडत. हा वाडगा लक्षात ठेवा. मी तर त्याला जन्मात विसरणार नाही.

लाल रेघेचा ग्लास घरी आला तो आठवडाभरातच फुटला. मग चष्मेवाले दिसेल तो ग्लास वापरू लागले आणि रोजचे भांडण सुरू झाले.

"अहो, प्यायच्या ग्लासात किडे घालू नका!"

"किडे नाहीत गं ते, माश्या आहेत."

"मग तर फारच छान!"

अशी त्यांची भांडणे चालत आणि मला ती ऐकायला आवडत. भांडताना दोघांचीही हातातली कामे थांबत नसत.

मग एका सकाळी दाढी करता करता चष्मेवाल्यांच्या हातातला ब्रश पडला, आणि पाठोपाठ ते पडले. दवाखान्यातून परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. बोलणेही गेले होते. सगळे नाही, एक शब्द उरला होता. भूक लागली तरी तोच, झोप आली तरी तोच, राग आला तरी तोच. तो शब्द होता 'दोरा'.

डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा दाराशी उभ्या राहून बोलल्या, आणि ते दार माझ्या टेबलाला लागूनच आहे. "त्यांना समजतं सगळं," त्या म्हणाल्या. "शब्द अडकलेत, माणूस नाही. पण त्यांना मनापासून करावंसं वाटेल असं काहीतरी द्या. नाहीतर हे असेच खुर्चीत बसून राहतील, आणि एकदा मन उठलं की मग माणूस उठत नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यावर मी अजून कपाळ बडवून घेते आहे. पाणी पिताना चष्मेवाल्यांना ठसका लागे, हात कापे आणि पाणी अंगावर सांडे. म्हणून बाईंनी त्यांच्यासाठी चोच असलेला, झाकण गच्च बसणारा कप आणला आणि घरातले सगळे ग्लास वरच्या फळीवर नेऊन ठेवले. मायेनेच केले. मायेने केलेल्या चुकीला कुणी चूक म्हणत नाही, म्हणून ती फार दिवस टिकते.

माझ्यावर धूळ बसली. पोटात जुन्या मेणाचा गोळा झाला. दोरा चिकट राहावा म्हणून त्याला मेण लावतात, आणि ते वेळच्या वेळी साफ केले नाही, की आमचा गळा बसतो. मी कुणाला सांगणार? चष्मेवाले खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत, आणि मी त्यांच्याकडे.

मग पिवळ्या माश्यांचे दिवस आले. पहिली माशी खिडकीच्या काचेवर येऊन बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चष्मेवाले खुर्चीत ताठ झाले. डाव्या हाताने त्यांनी आधी काचेकडे बोट केले, मग माझ्याकडे.

"दोरा," ते म्हणाले. "दोरा!"

मला तर सगळे कळले. त्यांना फिकट पिवळी हवी होती, आणि ती घेऊन नदीवर जायचे होते. घरच्यांनाही एवढे कळले, त्याचे श्रेय मी त्यांना देते. आई-वडिलांना मदत करायला लेक आणि जावई मुक्कामालाच आले होते. बाईंचा चेहरा उजळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते हेच असणार. "दोराच हवाय ना?" बाई म्हणाल्या. "मग दोऱ्याला काय तोटा आहे या घरात!"

आणि मित्रांनो, माझ्या नाकी नऊ यायला इथून सुरुवात झाली.

बाईंनी आपल्या शिवणाच्या डब्यातले सुती दोऱ्याचे भलेमोठे रीळ माझ्या पायांत कोंबले. माझे पाय असे फाकले की ते पुन्हा जवळ येतील याची मला खात्री वाटेना. त्या दोऱ्याचा कापूस माझ्या घशात साचला. लेकीने माशी बांधली, कारण लहानपणी बघून बघून तिला बांधणी येत होती. पण दोराच असा की माशीचे डोके वाटाण्याएवढे झाले. चष्मेवाल्यांनी ती डाव्या हातात घेतली, हात लांब करून आपल्या कपाच्या झाकणावर आपटली आणि म्हणाले, "दोरा."

"पाणी हवंय वाटतं," बाई म्हणाल्या आणि कपाची चोच त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी तोंड फिरवले.

मग आले जावईबापू. त्यांचे काम ट्रकवर माल लादून बांधून देण्याचे. त्यांच्या मते जगातले सगळे प्रश्न दोरी सैल राहिल्याने निर्माण होतात. "आई, बाबांना पक्का दोरा हवाय," ते म्हणाले. "हा बघा. हा तुटला तर मिशी काढीन."

"तुला मिशी आहे कुठे?" लेक म्हणाली.

दोरा खरोखरच तुटला नाही. त्याने पिसाचा देठ कापला, केस कापले, लेकीचे बोट कापले आणि माझ्या तोंडाची कड घासून टाकली, पण तो काही तुटला नाही. जावईबापू त्याकडे कौतुकाने बघत राहिले. चष्मेवाल्यांनी ते जे काही झाले होते ते उचलले, पुन्हा कपाच्या झाकणावर टक टक वाजवले आणि म्हणाले, "दोरा." या वेळी आवाज चढला होता.

मी माझ्या तारेच्या पायांवर नाचून सांगितले असते, की अरे, झाकण काढा! पण मला वाजता येत नाही. पिपाणी म्हणे!

शेवटी लेकीने मनावर घेतले. ती औषधांच्या दुकानात काम करते, थेंब थेंब मोजण्याची तिला सवय आहे. तिने काचेवरची एक माशी अलगद डबीत धरली, दिव्याखाली ठेवली आणि दुकाने पालथी घालून अगदी त्याच रंगाचा, तोच पिवळसर-हिरवट, केसासारखा बारीक दोरा शोधून आणला. माझ्या पायांत नीट बसणारे रीळ! मला वाटले, चला, घरात एक तरी शहाणे माणूस आहे. तिने बांधलेली माशी खरोखर सुंदर होती. टेबलावर खरीच्या शेजारी ठेवली तर मला ओळखू आली नसती. जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "अगदी बाबांचा हात आहे गं तुझा."

चष्मेवाल्यांनी माशी चिमटीत धरली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की माझाही जीव भांड्यात पडला. मग त्यांनी ती झाकणावर टेकवली. एकदा, दोनदा. कुणाला काही कळले नाही. मग त्यांनी तेवढ्यात सुचले ते केले. माशी ओली करायला ती ओठांशी नेली, जिभेला लावली.

"अगं बाई! गळ गिळतायत!" बाई किंचाळल्या. तिघेही धावले. कुणी हनुवटी धरली, कुणी मनगट, आणि माशी हिसकावून ताटलीत फेकली. चष्मेवाले ओरडत होते, "दोरा! दोरा!" आणि ओरडता ओरडता ते रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिले नव्हते. मला फार वाईट वाटले, आणि तितकाच राग आला. तीन धडधाकट माणसे, सहा डोळे, आणि एक म्हातारा काय दाखवतो आहे ते दिसू नये?

त्या दिवसापासून घरात एकच बोलणे. गळ, सुया, कात्र्या. हे टेबल त्यांच्यासमोर ठेवणे धोक्याचे आहे. ते दिसते म्हणून त्यांचा जीव तळमळतो. ते हलवू, तिथे त्यांचा पलंग टाकू. आणि चष्मेवाल्यांनी दोरा म्हणणेही सोडले. खिडकीच्या काचेवर पिवळ्या माश्या येत होत्या, जात होत्या, रोज थोड्या कमी. ते तिकडे बघेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसे त्यांचे मन उठत चालले होते, आणि ते थांबवायची किल्ली एका कपाच्या झाकणाखाली होती.

सुट्टीच्या दिवशी बाई टेबल आवरायला लागल्या. एकीकडे इस्त्री तापत होती, दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी कोट द्यायचा होता. बाई मध्येच कोटावर पाणी शिंपडत, मध्येच आमचे खण उपसत. पिसे एका पिशवीत, कात्र्या दुसऱ्या. रिळे चाळताना त्यांच्या हाती एक संपत आलेले रीळ लागले. "याचा तर रंगच उडालाय," म्हणून त्यांनी ते केराच्या पिशवीत टाकले. लोण्याच्या रंगाचा, पांढुरका, कुणी ढुंकून बघणार नाही असा दोरा. फिकट पिवळीचा दोरा! नाहीतर दुसरा कुठला? बरे, पुढचा नंबर माझा होता. बाईंनी मला उचलले.

"बघा हो, ही तुमची पिपाणी," त्या म्हणाल्या. "माळ्यावर नीट ठेवते. टाकत नाही. तुम्ही असं माझ्याकडे बघू नका."

चष्मेवाल्यांची खुर्ची जागा करण्यासाठी इस्त्रीच्या टेबलाशी सरकवलेली होती. त्यांच्या डाव्या हाताशी आवरायची ताटली होती आणि ताटलीत लेकीची ती सुंदर माशी. त्यांनी ती उचलली, आणि हात पुरा लांबवून सोडून दिली. थेट वाडग्यात.

"अहो!" बाई कडाडल्या. "त्या पाण्याने मी गिऱ्हाइकाचा कोट इस्त्री करते! गंजाचा डाग पडला म्हणजे? पुरे झाला आता तुमचा दोरा, मी पण माणूसच आहे!" त्यांनी वाडग्यात हात घातला आणि माशी बाहेर काढली.

आणि त्या थांबल्या.

त्यांच्या तळहातावर ती पिवळी माशी नव्हतीच. मळकट, काळपट हिरवे असे काहीतरी होते. बाईंनी ते उजेडाकडे धरले. मग कोटाकडे बघितले. कोटावर जिथे पाणी शिंपडले होते तिथे कापड गडद दिसत होते, बाकी कोरडे फिके. आयुष्यभर त्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आल्या होत्या, की बाई, ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर रंग बघा. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच!

"अगं, इकडे ये," त्यांनी लेकीला हाक मारली. "तुझी माशी ओली केली की बघ कशी होते." मग त्या नवऱ्याकडे वळल्या आणि खालीच बसल्या. "तुम्ही पाणी मागत होता. प्यायला नाही. यात बुडवायला. आणि मी मेलीने झाकण लावून ठेवलं."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. एवढ्या जोरात, की खुर्ची कुरकुरली.

मग जी धावपळ झाली ती काय सांगू! जावईबापूंनी फळीवरचे सगळे ग्लास खाली आणले. लेकीने प्रत्येक रिळाचा तुकडा कापून पाण्यात सोडला आणि डबीतली खरी माशी शेजारी धरली. हा काळा पडला. तो तपकिरी. तिसरा पोपटी. एकही जमेना. "यात तो दोरा नाहीच," लेक रडवेली होऊन म्हणाली. तेव्हा चष्मेवाल्यांनी पायाने केराची पिशवी ढकलली.

बाईंनी ती सगळी जमिनीवर उपडी केली. लोण्याच्या रंगाचे ते रीळ गडगडत बाहेर आले.

"हा?" जावईबापू म्हणाले. "हा तर सगळ्यात फिका. आणि किती बारीक! हा कसा टिकणार?"

"तू गप्प बस आणि ग्लास धर," लेक म्हणाली.

तुकडा पाण्यात पडला, भिजला, आणि हळूहळू डबीतल्या माशीच्या रंगाचा झाला.

माझा घसा मात्र बसलेलाच होता. लेकीने टाचणीने माझ्या पोटातले मेण काढले, आईच्या दोऱ्याचा कापूस काढला, आणि घासलेली कड बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला! माशी बांधून होत आली आणि शेवटचे वेढे राहिले, तेव्हा तिने मला वडिलांच्या डाव्या हातात दिले. तो हात शिकाऊ होता, माझ्यावरची पकड वाकडी होती आणि दर वेढ्याला मी गळाला ठेचकाळत होते. पण दोऱ्यावरचा ताण अचूक होता. तो मी कुठल्याही हातात ओळखला असता. माशी ग्लासात बुडवली. ग्लास प्यायचा होता. बाई बघत होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

ते सगळे त्याच संध्याकाळी नदीवर गेले. मला नेले का? नाही. एवढे सगळे होऊन मला टेबलावर तशीच टाकून गेले. परत आले तेव्हा चौघांचेही पाय गुडघ्यापर्यंत ओले होते, जावईबापूंचा एक बूट गायब होता आणि सगळे एकदम बोलत होते. सगळे म्हणजे तिघे. ओट्यावर मासा आलेला मला दिसला नाही. मग पकडून सोडून दिला, की निसटला, की आलाच नाही? एकाने धड सांगितले असेल तर शपथ. मी अजून विचारते आहे.

पण चष्मेवाले आपल्या खुर्चीत न बसता आमच्या टेबलाशी येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखी लाली होती. त्यांनी मला डाव्या हाताने उचलले आणि माझ्या पायांतले रीळ अंगठ्याने फिरवले. ते मोकळेच फिरले.

"दोरा," ते म्हणाले.

तिघे एकदम त्यांच्याकडे वळले. आता काय हवे आहे, काय चुकले, असे तिघांच्याही तोंडावर. चष्मेवाल्यांचे ओठ हलत राहिले. मानेची शीर ताठ झाली. आणि मग, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, दुसरा शब्द बाहेर पडला.

"संपला."

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि चिडकीही, त्यामुळे तुमच्याकडे गोड बोलून काही मागणे मला जमायचे नाही. एवढेच सांगते. आमच्या पोटातले मेण वेळच्या वेळी काढत जा. दोरा निवडताना तो जिथे काम करणार आहे तिथे नेऊन बघा. आणि घरातले एखादे माणूस पुन्हा पुन्हा एकच शब्द बोलत असेल, तर तो शब्द हजारदा ऐकण्यापेक्षा एकदा त्याच्या हाताकडे बघा. आमच्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्या चुका गिळून गप्प बसतात. माणसाला तसे बसायला लावू नका.

दुसऱ्या दिवशी दुकाने उघडायच्या आधीच बाई चपला घालून तयार होत्या. हातातल्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि इस्त्रीपाशीचा वाडगा. "त्या दुकानदाराला म्हणावं, आधी बुडवून दाखव," त्या दारातून म्हणाल्या, "मग मी घेते." आणि मागे वळून माझ्या मालकांना म्हणाल्या, "तोवर त्या तुमच्या पिपाणीला पुसून ठेवा."

मी वाजत नाही, हे त्या बाईला कोण सांगणार?